जंगलाचे मालक

वाचकहो, दक्षिण आफ्रिकेच्या सफारीत क्रूगर राष्ट्रीय उद्यानातले हत्ती-सिंह सगळ्यांनाच दाखवतात. तिथल्या माणसांची हकीकत मात्र क्वचितच कानी पडते.

उद्यानाच्या उत्तर टोकाला, लिंपोपो आणि लुवुव्हू या नद्यांच्या मध्ये, मकुलेके लोकांची गावे होती. १९६९ साली वर्णद्वेषी सरकारने त्यांना हुसकावून ती जमीन उद्यानाला जोडली. १९९४ साली राज्य बदलले, कायदा झाला, लोकांनी दावा लावला आणि १९९८ साली सुमारे २४ हजार हेक्टर जमीन परत मिळवली. जंगल मात्र त्यांनी तोडले नाही. ते राखून पर्यटक निवासांतून उत्पन्न व रोजगार मिळवला.

मी कारकून माणूस, पैसा कोठे जातो ते आधी बघतो. तेव्हा मंडळींनो, गटाने सफारीला निघताना एवढे जरूर विचारा : जमीन कोणाची, आणि आपल्या पैशातला वाटा त्यांना पोचतो का?