आवाजाची सक्ती

संगणकावरच्या रोल-प्लेइंग गेममध्ये आपण एखादे पात्र होतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. समोरचा काही म्हणतो, पडद्यावर उत्तरे उमटतात, त्यांतले एक आपण निवडतो आणि कथा त्या वाटेने जाते. या संवादांतले प्रत्येक वाक्य नटाच्या आवाजात ऐकू आलेच पाहिजे, अशी मागणी आता खेळणारेच करू लागले आहेत. आवाज नसेल तर खेळ 'स्वस्तातला' ठरतो. ही मागणी लेखनाच्या मुळावर येणारी आहे, असे माझे मत आहे.

१९९९ च्या 'प्लेनस्केप: टॉर्मेंट'मध्ये सुमारे आठ लाख शब्द आहेत आणि आवाज मोजक्याच वाक्यांना. त्यातली मॉर्ट ही बोलकी कवटी थोडेसेच मोठ्याने बोलते. पुढची सगळी वाक्ये त्याच सुरात माझ्या मनात वाजत राहिली. वाचणाऱ्याला एवढे पुरते.

१९९७ च्या 'फॉलआउट'मध्ये पात्राची बुद्धी फार कमी ठेवली, तर त्याला धड वाक्य बोलता येत नाही आणि माणसेही त्याच्याशी वेगळी वागतात. बहुतेक खेळणारे ही वाट पाहतही नाहीत. लिहायची तर तिला लेखकाचा वेळ लागतो. ध्वनिमुद्रित करायची तर नट, स्टुडिओ, दिग्दर्शक, संपादन असे सगळेच लागते आणि नंतर एक शब्द बदलायचा झाला तरी नटाला पुन्हा बोलवावे लागते. पैशाचा हिशेब ठेवणारा माणूस पहिल्यांदा अशीच वाट बंद करील. २०१५ च्या 'फॉलआउट ४'मध्ये नायकालाही आवाज मिळाला; स्त्री आणि पुरुष अशा दोन कलाकारांनी प्रत्येकी तेरा हजारांवर ओळी म्हटल्या. त्यांनी काम चोख केले. पण खेळणाऱ्याच्या हाती उरली एका वेळी चार उत्तरे, तीही मथळ्यासारखी तोकडी. आपण काय बोललो, ते बोलून झाल्यावर कळायचे!

वाचायला पैसे कोण देतो, असे विचारतात. २०१२ मध्ये ऑब्सिडियनने 'टॉर्मेंट'च्या परंपरेतल्या खेळासाठी लोकांकडे ११ लाख डॉलर मागितले. सुमारे ७४ हजार जणांनी जवळजवळ ४० लाख दिले. त्यातून २०१५ मध्ये 'पिलर्स ऑफ इटर्निटी' आला, बराचसा वाचायचाच. तरीही २०१८ च्या त्याच्या दुसऱ्या भागात सगळे संवाद बोलके झाले. वाचक समोर उभा असताना त्याला श्रोता समजण्याचा हा प्रकार आहे.

'बाल्डर्स गेट ३'मध्ये आवाजही आहे आणि फाटेही भरपूर आहेत, हे मला मान्य आहे. पण गावातल्या सर्वांत मोठ्या वाड्यातल्या लग्नाचा थाट पाहून बाकीच्यांनी कर्ज काढायचे का? 'डिस्को एलिसियम'लाही २०२१ मध्ये पूर्ण आवाज मिळाला आणि तो देखणा आहे. मात्र क्रम पाहा. २०१९ मध्ये मजकूर पुरा होऊन लोकांनी वाचला, नावाजला. आवाज मागाहून आला. लेखणी त्याच्यासाठी थांबली नाही. ज्यांना पडदा वाचता येत नाही त्यांची गरज खरीच आहे. त्यासाठी मजकूर वाचून दाखवणारी सोय प्रत्येक खेळात असावी, असा आग्रह मीही धरीन.

आपल्यासारख्या अनेक भाषांत वाचणाऱ्यांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. मजकुराला अनुवादक लागतो. आवाजाला प्रत्येक भाषेत नव्याने नटसंच लागतो. संपूर्ण आवाज ही अट झाली की खर्चाच्या यादीत मराठी, कन्नड किंवा बांगला कधीच बसणार नाहीत. कादंबरी छापण्याआधी तिचे अभिवाचन झालेच पाहिजे, असे कोणी प्रकाशकाला बजावत नाही. मग पुढच्या खेळाला वर्गणी देताना 'सगळे बोलतात ना?' असे विचारू नका. लेखक किती आहेत आणि अनुवादकासाठी पैसे ठेवले आहेत का, ते विचारा.