दुसऱ्या मॉनिटरसाठी नवा लॅपटॉप?
मॅकबुक एअरवाल्यांची तक्रार हल्ली वारंवार कानी येते: डॉक आणला, दोन मॉनिटर जोडले, तर दोन्हींवर एकच चित्र. बऱ्याचदा यात डॉकचा दोष नसतो. २०२०च्या एम१ आणि २०२२च्या एम२ चिपच्या एअरला मुळात बाहेरचा एकच मॉनिटर चालवता येतो. एम३वर दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटलं तरच. २०२५च्या एम४वर ते उघडं ठेवूनही चालतात. म्हणून लगेच नवा घ्यायचा? माझं स्पष्ट मत, थांबा. डिस्प्लेलिंकचा अडॅप्टर जुन्या एअरवरही दुसरा मॉनिटर चालवतो. चित्र सॉफ्टवेअरनं कॉम्प्रेस होऊन यूएसबीतून जात असल्यानं प्रोसेसरवर भार पडतो, आणि नेटफ्लिक्ससारखे संरक्षित व्हिडिओ काळे दिसू शकतात. पण एकीकडे मूळ मजकूर, दुसरीकडे अनुवाद, किंवा जीएसटीचे तक्ते, एवढ्यासाठी तो पुरतो. व्हिडिओ संकलन करणाऱ्यानं मात्र या फंदात पडू नये. टाइमलाइनवर कर्सर किंचित रेंगाळला तरी दिवसभरात डोकं उठतं. त्यानं नवा लॅपटॉप घ्यावाच, फक्त दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. किती मॉनिटर चालतात, ते कंपनीच्या तपशिलात स्वतः वाचावं.