घराण्यातला आजार लपवू नका

रिश्ता ठरवताना आपण मुलाचा पगार सांगतो, मुलीची डिग्री सांगतो. घरातलं एक मूल लहानपणीच रक्ताच्या आजारानं गेलं, हे मात्र सांगत नाही. 'नजर लागली' म्हणून विषय मिटवतो, किंवा सुनेला दोष देतो. काही आजारांत ही लपवाछपवी जिवावर बेतते. फॅन्कोनी ॲनिमिया हा त्यांतलाच एक.

1927 साली स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी तीन सख्ख्या भावांमध्ये हा आजार नोंदवला. आपल्या पेशींमधला डीएनए सतत बिघडत असतो आणि पेशी तो दुरुस्त करत असते. या आजारात दुरुस्तीची ही यंत्रणाच जन्मापासून सदोष असते. आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणू, बग पकडणारंच कोणी नाही. चुका साचत जातात. बहुतेक मुलांची अस्थिमज्जा शाळकरी वयातच थकते, प्लेटलेट घटतात. काहींची उंची खुंटते, अंगठ्यात व्यंग असतं. काहींत बाहेरून काहीच दिसत नाही. रक्ताच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो. तोंड आणि घशाच्या कर्करोगाचा धोका तर इतरांच्या शेकडो पट असतो, तोही तरुणपणी आणि तंबाखूला हात न लावता.

निदान आधी व्हायला हवं, कारण नेहमीच्या मात्रेतली केमोथेरपी किंवा रेडिएशन या रुग्णांना सोसत नाही. उपचारच घात करू शकतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानं रक्त सुधारतं, पण तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. म्हणून तोंडाची नियमित तपासणी जन्मभर करावी लागते. आणि मज्जा देणाऱ्या भावा-बहिणीची तपासणी आधी करावी लागते. तोच आजार त्यांच्यातही दबा धरून असू शकतो.

बहुतेक वेळा आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं, तरच हा आजार होतो. असे आईवडील स्वतः सहसा ठणठणीत असतात, पण प्रत्येक गरोदरपणात धोका 25 टक्के असतो. म्हणजे अशा वेळी दोष एकट्या आईचा नसतो. चुलत, मामे, खालाजाद भावंडांच्या लग्नांत दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या हिंदू घरांतही आहे. तेव्हा यावरून कोणी मुसलमानांकडे बोट दाखवू नये. पण आपणही डोळे झाकू नयेत. अशा निकाहला शरियतनं परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. घराण्यात असा आजार असेल, तर नातं पक्कं करण्याआधी तपासणी करून घेणं हा शहाणपणा आहे.

नाशिकहून पंचवटी एक्स्प्रेसनं दादरला उतरलं की परळचं केईएम हॉस्पिटल जवळच आहे. त्याच आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या आजाराची गुणसूत्र-तपासणी होते. केंद्राच्या 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅन्कोनी ॲनिमियाचा समावेश आहे. 2022 पासून नेमलेल्या केंद्रांमार्फत 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि केईएम त्यांपैकी एक आहे. नाव लपवलेल्या आजाराला मात्र ही मदत मिळू शकत नाही.

तरुणांनी एवढं तरी करावं: दादी-नानीजवळ बसून तीन पिढ्यांची वंशावळ लिहून काढावी. कोण, कोणत्या वयात, कशानं गेलं, हे विचारावं आणि तो कागद डॉक्टरला दाखवावा. घराची अब्रू झाकण्यापेक्षा घरातलं मूल वाचवणं मोठं.