भाड्याच्या जिभा आणि बीडचा कापूस

गेवराई, माजलगाव, धारूर, वडवणीकडील आमच्या वाचकांस कापूस म्हणजे काय हे सांगणे म्हणजे लोहारास ऐरण दाखविण्यासारखे आहे. परंतु कापसाचा भाव कोठे ठरतो असे विचारले, तर आपल्यापैकी बहुतेक जण आडतीकडे बोट दाखवितील. कोणी जिनिंगवाल्याचे नाव घेईल, कोणी नशिबाचे. आज आम्ही सांगणार आहो ती हकीकत आडतीच्या फार पलीकडची, सात समुद्रांपलीकडची आहे. तिचा शेवट मात्र आपल्याच वजनकाट्यावर होतो, म्हणून घरातील वाचत्या पोराने ती चार माणसांत मोठ्याने वाचून दाखवावी.

परदेशातून येणाऱ्या कापसावर २ फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के आयातकर होता. हा कर म्हणजे आपल्या वावराचे कुंपण. १९ ऑगस्ट २०२५ पासून दिल्ली सरकारने हे कुंपण उपटले. प्रथम सांगितले, ३० सप्टेंबरपर्यंतच. दहा दिवसही झाले नाहीत तोच मुदत वाढली ती ३१ डिसेंबरपर्यंत. आता दसऱ्यापासून वेचणी धरणाऱ्या कोणत्याही बाईस विचारा, की ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर हे कसले महिने? बोंडे फुटून कापूस घरात येण्याचे हेच महिने. कुंपण काढले ते रान मोकळे असताना नव्हे, पीक उभे असताना!

त्याच ऑगस्ट महिन्यात अमेरिकेने हिंदुस्थानच्या मालावर जकात बसविली होती. ७ तारखेपासून २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५. कापडवाल्यांचा धंदा बुडू लागला, त्यांस स्वस्त कापूस मिळावा म्हणून कर काढला, असे सरकारने कारण दिले. गिरणीवाल्यांच्या संघटनांची ही मागणी जुनीच होती. त्यांनी मागितले ह्याबद्दल आम्ही त्यांस दोष देत नाही. ज्यास भूक लागते तो ओरडतो. आमचा प्रश्न एवढाच, की जो कर शेतकऱ्यासाठी होता तो काढताना शेतकऱ्यास कोणी विचारले? गेवराईच्या कोणत्या चावडीवर ह्याची दवंडी पिटली?

कोणी म्हणेल, सरकारने हमीभाव दिलाच आहे की. दिला आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्यास ८,११० रुपये. परंतु तो घेण्यास कापूस महामंडळाच्या केंद्रावर जावे लागते, मोबाइलवर नाव नोंदवावे लागते आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणा आणि गोदावरी गावांत शिरल्या. त्या पाण्यातून वाचलेल्या कापसात कोरडेपणा आणावा कोठून? ज्यास दिवाळीपूर्वी दुकानदाराची उधारी फेडावयाची होती, त्याने कापूस गाडीवरच व्यापाऱ्यास दिला आणि व्यापारी देईल तो भाव घेतला. कुणब्याच्या हाती पैसा आला नाही, की सुताराची तिफण दुरुस्तीवाचून पडून राहते, लोहाराचा भाता थंड होतो आणि शिंप्याकडे नवे कापड येत नाही. म्हणून ही एकट्या कास्तकाराची रड नव्हे.

आता समुद्रापलीकडे चला. अमेरिकेत एक धंदा आहे, त्यास लॉबिंग म्हणतात. लॉबी म्हणजे मोठ्या वाड्याची ओसरी. कायदे करणारा सभासद आत जाण्यापूर्वी त्यास ओसरीत गाठावयाचे, कानाशी लागावयाचे आणि आपल्या धन्याचे काम करून घ्यावयाचे, असा हा धंदा. तो चोरून चालत नाही. हे लोक आपले नाव, धन्याचे नाव आणि मिळालेली रक्कम सरकारी दप्तरात लिहून देतात. १९९५ सालचा तसा कायदाच आहे. २०२४ साली ह्या कामावर तेथे चार अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला. ओसरीचा खर्च हा; निवडणुकीचा निराळा. २०१० सालच्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निकाल दिला, की कंपन्यांनी आपल्या मताच्या प्रचारासाठी पैसा ओतला तर त्यास सरकारने अटकाव करू नये, कारण तेही भाषणस्वातंत्र्य! म्हणजे ज्याच्या थैलीत जास्त, त्याचा आवाज मोठा, आणि हे कायद्याने मान्य. २०२४ च्या निवडणुकीत इलॉन मस्क नावाच्या एकाच धनवंताने पंचवीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम घातली. पुढे निवडून आलेल्या अध्यक्षाने त्याच गृहस्थास सरकारी खात्यांची काटछाट करण्याच्या कामावर नेमले. आपल्याकडे सावकारच तलाठी झाला तर कसे होईल, तसे हे झाले.

तेथील कापूसवाल्यांची ताकद किती, हे ब्राझीलच्या गोष्टीवरून कळते. अमेरिका आपल्या कापूस पिकविणाऱ्यांस एवढे अनुदान देई, की जगाचा भाव पडे. २००२ साली ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेकडे फिर्याद नेली. निकाल अमेरिकेविरुद्ध लागला, अपिलातही लागला. सरळ राज्य असते तर अनुदान बंद केले असते. परंतु ओसरीतले लोक झोपले नव्हते. २०१० साली अमेरिकेने ब्राझीलशी असा तोड काढला, की आमचे अनुदान चालूच राहील, तुमच्या कापूसवाल्यांस आम्ही वर्षाला चौदा कोटी त्र्याहत्तर लाख डॉलर देतो, तुम्ही गप्प बसा. २०१४ साली आणखी तीस कोटी डॉलर देऊन ते भांडण मिटविले. शेजाऱ्याच्या रानात ढोरे सोडली, पंचांनी दंड केला, तर पाटलाने ढोरे बांधली नाहीत, शेजाऱ्यालाच दरसाल पोती देऊ लागला! आणि ह्याच भांडणात आफ्रिकेतील बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली हे गरीब देशही आपल्या कापसाचे रडगाणे घेऊन २००३ साली उभे राहिले होते. त्यांच्या पदरात कोणी डॉलर टाकले नाहीत. ज्याच्याजवळ वकील, त्यास भरपाई. ज्याच्याजवळ नुसते दुःख, त्यास सहानुभूती.

ह्यावर कोणी तोंड वेंगाडून म्हणेल, की परक्यांच्या भानगडी आम्हांस कशाला? तर ऐका. २०२५ च्या एप्रिलात आपल्याच सरकारच्या वॉशिंग्टन येथील वकिलातीने तेथल्या अध्यक्षाच्या गोटातील एका माणसाची पेढी कामास लावली. दरमहा दीड लाख डॉलर, सालाचे अठरा लाख. पुढे ऑगस्टात दुसरी एक पेढी दरमहा पंचाहत्तर हजार डॉलरांवर घेतली. आपली बाजू तेथील दरबारात मांडावी, हे त्यांचे काम. दीड लाख डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे सव्वा कोटी रुपये. लांब धाग्याच्या हमीभावाने हिशेब केला तर पंधराशे क्विंटलांहून अधिक कापूस विकावा, तेव्हा एका जिभेचे एका महिन्याचे भाडे होते. कोरडवाहू रानात एकरी पाच क्विंटल धरले तरी तीनशे एकरांचे सगळे पीक त्यात गेले. एवढ्या मोठ्या देशाचे सरकारही पैसे मोजल्यावाचून त्या ओसरीत शिरू शकत नाही, मग तुमची-आमची काय कथा? आणि एवढे मोजूनही २७ ऑगस्टची जकात टळली नाही ती नाहीच.

हा रोग नवा नाही. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी विलायतेच्या पार्लमेंटात असाच दाब आणून १८८२ साली हिंदुस्थानात येणाऱ्या कापडावरील कर काढविला होता. पुढे तिजोरी रिती झाली म्हणून कर बसविणे भाग पडले, तर त्यांनी हट्ट धरला, की हिंदी गिरण्यांच्या कापडावरही कर बसवा. १८९६ साली साडेतीन टक्के बसविला आणि तो १९२५ पर्यंत टिकला. तेव्हा बीड निजामाकडे होते, परंतु भाव काही निजामाची सरहद्द ओळखत नव्हता. तेव्हा निदान सांगावयास परके राज्य होते.

आता खरी बोच सांगतो. अमेरिकेतील हा व्यवहार नागवा आहे, पण त्याची वही आहे. आपल्याकडे वहीच नाही. मंत्र्यास कोणत्या कंपनीचा माणूस भेटला, काय मागून गेला, हे लिहून ठेवण्याचा कायदा हिंदुस्थानात नाही. २०१२ साली वॉलमार्ट ह्या अमेरिकन दुकानदार कंपनीने हिंदुस्थानच्या बाजारात शिरण्याच्या खटपटीसह अनेक कामांवर खर्च केल्याचे उघड झाले, ते आपल्या दप्तरातून नव्हे, अमेरिकेच्या दप्तरातून! संसदेत गोंधळ झाला, एका निवृत्त न्यायमूर्तींची चौकशी बसली, आणि पुढे वारा शांत झाला. आपल्या घरात कोण शिरले, हे शेजाऱ्याच्या वहीत पाहून कळावे, ह्याहून लाजेची गोष्ट कोणती?

आणि निवडणुकीचा पैसा? २०१८ साली निवडणूक रोखे निघाले. स्टेट बँकेत जाऊन रोखा घ्यावा, पक्षास द्यावा, आणि नाव मतदारास कळू नये. कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांवर देणगी देऊ नये हे बंधन २०१७ सालीच काढून टाकले होते. म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा दानशूर होऊ शकत होती. तीस खेपांत सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. यादी सांगण्यास बँकेने जूनअखेरची मुदत मागितली. न्यायालयाने नाकारली, तेव्हा चार दिवसांत यादी बाहेर आली. सर्वांत मोठा देणगीदार कोण निघाला? लॉटरीचा धंदा करणारी कंपनी, १,३६८ कोटी! घेणाऱ्यांत पहिला भारतीय जनता पक्ष, सहा हजार कोटींहून अधिक. तृणमूल काँग्रेस व काँग्रेस ह्यांचे हजार-हजार कोटींहून जास्त. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेस ह्यांचीही नावे आहेतच. रोखे न घेता त्यांविरुद्ध न्यायालयात गेलेला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष अपवाद, हे त्याचे मत पटो न पटो, कबूल केले पाहिजे. ह्या यादीत कापूस पिकविणाऱ्या कुणब्याचे नाव आम्ही शोधण्याच्या भरीस पडलो नाही.

उमेदवारास खर्चाची मर्यादा आहे; विधानसभेस ४० लाख, लोकसभेस ९५ लाख. हे आकडे वाचून बीड जिल्ह्यातील शाळकरी पोरही हसेल. पक्षाने करावयाच्या खर्चास तर मर्यादाच नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या नावे धरावा असे ठरविले, तेव्हा त्या वेळच्या सरकारने महिना उलटण्याआधीच वटहुकूम काढून ते पुसून टाकले. शेतकऱ्याच्या पीकविम्यास वर्षे लागतात. इकडे मात्र महिनाही लागला नाही.

परंतु दिल्लीस आणि वॉशिंग्टनास शिव्या देऊन आम्ही आपली सुटका करून घेणार नाही. २०२४ ची लोकसभा निवडणूक आठवा. बीडचा निकाल ६,५५३ मतांनी लागला. त्या दोन महिन्यांत गावोगाव कोणता हिशेब चालला होता? मराठ्यांची मते किती, वंजाऱ्यांची किती, ह्याचा. ज्यांची ढोरे एका पाणवठ्यावर पितात आणि ज्यांचे कोयते एकाच ट्रकमधून कारखान्यास जातात, ती माणसे एकमेकांच्या दुकानातून मीठ घेईनात. आयातकराचे नाव आम्ही तरी त्या सभांत ऐकले नाही. मराठ्याच्या कापसास एक भाव आणि वंजाऱ्याच्या कापसास दुसरा, असे कोणत्या काट्यावर झाले आहे काय? गिरणीवाल्यांत निरनिराळ्या जातींचे, धर्मांचे लोक आहेत; पण कराची गोष्ट निघाली की ते एका कागदावर सह्या करतात. आपण मात्र जयंतीच्या फलकावरून डोकी फोडतो.

आणि आपले म्हणविणारे पुढारी! नाव बहुजनांचे घ्यावयाचे आणि जिनिंग, कारखाना, बँक, कंत्राट, सर्व आपल्याच घरात ठेवावयाचे. पूर्वी कुळकर्णी कागद लिही आणि कुणबी अंगठा उठवी. आता कागद लिहिणारा आपल्याच भाऊबंदांतला असतो, गळ्यात आपलाच गमछा असतो. अंगठा मात्र अजून आपणच उठवितो. मतदानाच्या आदल्या रात्री दारावर पाकीट येते तेव्हा हा अंगठा फार आनंदाने उठतो, हेही आम्ही आमच्या वाचकांस तोंडावर सांगतो. पाचशेची नोट घेणाऱ्याने लॉटरीवाल्याच्या रोख्यांवर बोलू नये असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, त्याने बोलावेच, पण नोट परत करून बोलावे. रोजंदारी बुडालेल्या बाईने नोट घेतली तर आम्हांस तिचा राग येत नाही. दहा एकर बागायतवाला घेतो त्याचा येतो.

तेव्हा करावयाचे ते असे. बीड जिल्ह्यातील प्रत्येक आमदारास आणि खासदारास आम्ही टपालाने तीन प्रश्न पाठवीत आहो. २०२५ साली कापसावरील आयातकर काढला तेव्हा आपण सभागृहात किंवा लेखी काय म्हणालात? गेल्या निवडणुकीत ज्यांनी आपणांस व आपल्या पक्षास मोठ्या रकमा दिल्या त्यांची नावे काय? मंत्र्यांस भेटणाऱ्या कंपनीवाल्यांची वही सरकारने ठेवावी, अशा कायद्यास आपण मत द्याल काय? उत्तरास एक महिना मुदत दिली आहे. जी उत्तरे येतील ती शब्दशः छापू, एक अक्षर इकडचे तिकडे करणार नाही. ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या नावापुढील जागा कोरी ठेवून छापू. तो अंक बाजारच्या दिवशी आडतीवर, केंद्राच्या रांगेत आणि कारखान्याच्या अड्ड्यावर पोहोचविण्यास ज्यांस आमच्याबरोबर यावयाचे असेल, त्यांनी आपले नाव व गाव कळवावे.