‘संभाव्य’ हा शब्द कुठे गेला?

करोनाच्या काळात हळद, कलौंजी, गुळवेल, ज्येष्ठमध यांच्याविषयी आलेले फॉरवर्ड अजूनही अनेकांच्या मोबाईलमध्ये पडून असतील. त्यांचा शेवट बहुधा ठरलेला असायचा: हे आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केलं आहे. शास्त्रज्ञांनी नेमकं काय केलं होतं, ते समजून घ्यायला हवं. पुढची साथ आली की हीच वाक्यं पुन्हा फिरणार आहेत.

फेब्रुवारी २०२० मध्ये चिनी संशोधकांनी करोना विषाणूच्या एका प्रथिनाची रचना जगासाठी खुली केली. हे प्रथिन म्हणजे विषाणूची कात्री. आपल्या पेशीत शिरल्यावर विषाणू स्वतःची प्रथिनं एका लांब साखळीत बनवून घेतो आणि ही कात्री त्या साखळीचे कामाचे तुकडे करते. कात्रीच्या खाचेत काही अडकवलं तर विषाणूची वाढ खुंटते. म्हणून कोणत्या वनस्पतीतलं कोणतं द्रव्य त्या खाचेत बसतं, हे संगणकावर शोधणं सुरू झालं. याला ‘डॉकिंग’ म्हणतात. संगणक रेणू वेगवेगळ्या बाजूंनी बसवून पाहतो आणि तो किती घट्ट बसेल याचा अंदाज आकड्यात देतो. टाळेबंदीत हे काम घरबसल्या, फुकटच्या सॉफ्टवेअरवर करता येत होतं. त्यामुळे असे निबंध ढिगाने आले. हळदीतलं कर्क्युमिन, कलौंजीतलं थायमोक्विनोन, कांद्यातलं क्वेर्सेटिन, सगळ्यांना गुण मिळाले.

मी भाषा शिकवते, त्यामुळे माझं लक्ष क्रियापदाकडे जातं. निबंधात असतं ‘ठरू शकते’. बातमीत येताना त्याचं ‘ठरणार’ होतं आणि फॉरवर्डमध्ये ‘ठरले’. ‘संभाव्य’ हा शब्द तर वाटेतच गळून पडतो. उर्दूत मुमकिन आणि यकीनी हे दोन वेगळे शब्द आहेत. आपण त्यांचा एकच शब्द करून टाकला.

या दोन शब्दांमधलं अंतर मोठं आहे. संगणक रेणूला थेट खाचेपाशी नेऊन ठेवतो. दुधातल्या हळदीला मात्र पोट, आतडं, यकृत, रक्त असा प्रवास करून फुप्फुसापर्यंत जावं लागतं. कर्क्युमिन तर रक्तात फारच कमी उतरतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन संगणकाच्याही पुढे गेलं होतं. प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये त्याने विषाणू रोखला होता. पण ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत ते घेतलेल्या १५६१ रुग्णांपैकी २७ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. न घेतलेल्या ३१५५ रुग्णांमध्ये हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे फायदा काही झाला नाही.

याचा अर्थ संगणक कुचकामी आहे असा नाही. जपानने नोव्हेंबर २०२२ मध्ये तातडीची मान्यता दिलेलं एन्सिट्रेल्विर हे औषध याच कात्रीवर चालतं आणि त्याचा पहिला धागा संगणकावरच्या चाळणीतून मिळाला होता. वनस्पतीही कुचकामी नाहीत. तू यूयू यांनी सोळाशे वर्षांपूर्वीच्या चिनी ग्रंथातल्या नोंदीवरून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण दोन्ही वाटा प्रयोगशाळा, प्राणी आणि शेवटी माणूस अशाच गेल्या. मधली पायरी कुणी गाळली नाही.

काहींना हे तिब्बची किंवा कलौंजीवरच्या श्रद्धेची हेटाळणी वाटेल. तसं नाही. श्रद्धेला डॉकिंगच्या आकड्याचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ असं म्हणायचं असेल, तर विज्ञानाची परीक्षाही मान्य करावी लागेल. आणि ही परीक्षा परकी नाही. हजार वर्षांपूर्वी इब्न सिनाने ‘कानून’मध्ये औषध तपासण्याचे नियम घालून दिले. त्यातला एक असा, की औषध माणसावरच तपासावं, कारण सिंहावर किंवा घोड्यावर दिसलेला परिणाम माणसावर दिसेलच असं नाही. मग संगणकाच्या पडद्यावर दिसलेल्या परिणामाबद्दल तो काय म्हणाला असता?

२०२० मध्ये मालेगावच्या मन्सुरा काढ्याचं नाव सगळीकडे झालं. त्याचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. पण रुग्ण कमी झाले ते काढ्याने की आणखी कशाने, हे काढा घेणारे आणि न घेणारे यांची नीट तुलना केल्याशिवाय कळत नाही. ती तुलना मागणं म्हणजे युनानीचा अपमान नाही, उलट तिला गांभीर्याने घेणं आहे.

काढा प्यायला कुणाचीच हरकत नसावी. धोका त्यापुढे आहे. श्वास लागलेला असताना ‘सिद्ध झालंय’ या एका शब्दावर विसंबून घरात काढलेला एक दिवस जिवावर बेतू शकतो. म्हणून पुढचा फॉरवर्ड आला की पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: हे संगणकात दिसलं, पेशीत दिसलं की माणसात? उत्तर ‘संगणकात’ असेल, तर गळालेला ‘संभाव्य’ आधी जागेवर ठेवा आणि मगच पुढे पाठवा.