हसत-बोलत पळा

हिवाळा आला की अमरावती-अकोल्यात मॅरेथॉनचे फलक लागतात. खरी मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, आपल्याकडे पाच किलोमीटरच्या दौडीलाही मॅरेथॉनच म्हणतात. असो, लोक घराबाहेर पडतात हे चांगलेच. वस्तीतली पोरं-पोरीही नावे देतात. पण यातली बरीच पोरं धावायला शिकली ती पोलीस भरतीसाठी. तिथे मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. जीव तोडून पळायचे आणि गुण मिळवायचे. तोच वेग ती 10 नाहीतर 21 किलोमीटरला लावतात. दोन किलोमीटरात दम संपतो, पोटऱ्यांत गोळे येतात आणि उरलेली वाट लंगडत जाते.

आमचे म्हणणे सरळ आहे. भरतीचे पळणे वेगळे, हे आनंदाचे. सोबतच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. बोलताना धाप लागली की वेग जास्त झाला, घड्याळ पाहायची गरज नाही. चार मिनिटे पळा, एक मिनिट चाला. आणि हे थकल्यावर नव्हे, पहिल्या किलोमीटरपासून. सरासरी किलोमीटरला आठ मिनिटे लागली तरी 21 किलोमीटर तीन तासांच्या आत होतात. आयोजकांची वेळमर्यादा मात्र नाव देतानाच विचारून घ्या.

एवढा आग्रह धरायला कारण आहे. विदर्भात सिकलसेल आहे आणि आपल्या समाजात तो बराच आढळतो. एसएस म्हणजे रुग्ण, एएस म्हणजे वाहक. वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. लग्न जुळवण्याआधी रक्त तपासा, असे आम्ही घरोघरी सांगत आलो. आता पळण्याआधीही तपासा म्हणतो. सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते. वाहकाने पळू नये असे मुळीच नाही. पण उन्हात, पाणी न पिता, तापातून नुकतेच उठून, सवय नसताना एकदम जोरात पळाले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, स्नायूंना रक्त कमी पडते आणि क्वचित जिवावर बेतते. हळू वेग, मध्ये चालणे, तहान लागली की पाणी, यात वाहकाचा बराच धोका टळतो. एसएस असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दौडीत उतरू नये.

पळताना मांड्या किंवा कंबर एकाएकी दुखून पायांतले बळ गेले, छाती भरून आली, चक्कर आली, तर तिथेच थांबा आणि मदत मागा. नंतर लघवी काळपट चहासारखी झाली तर घरी झोपून राहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘थोडंच राहिलं, पळ पळ’ असे बाजूने ओरडणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

आपली मंडळेही दौड भरवतात. बक्षीस पहिल्या तिघांना, आणि शेवटची बाई पोचेपर्यंत मांडव उतरलेला! तिच्यासाठी पाणी आणि ओआरएस ठेवायला असा कितीसा खर्च येतो?

अमरावतीत छत्री तलावाच्या रस्त्याने सकाळी गप्पा मारत फिरणाऱ्या बायांना आम्ही म्हटले, पाच किलोमीटरला नावे द्या. त्या हसल्या, “आमच्याच्यानं कुठी पळनं होते व बाई!” आम्ही विचारले, रोज किती चालता? जाऊन-येऊन पाच किलोमीटर.