स्वदेशी ४जी आलं, पण सिग्नल पाठवणारी चिप कोण बनवणार?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी सेवेचं उद्घाटन केलं. तेजस नेटवर्क्स, सी-डॉट आणि टीसीएस यांनी मिळून ही यंत्रणा उभारली. ९७ हजारांहून जास्त टॉवरची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत नेणाऱ्या चिपबद्दल कुणी फारसं बोललं नाही. या चिपला पॉवर ॲम्प्लिफायर म्हणतात.

खंडाळ्याहून साताऱ्याकडे निघालं की खंबाटकी घाट लागतो. डोंगराआड सिग्नल क्षीण झाला की फोन तापतो, चार्जिंग भराभर उतरतं. आपण म्हणतो, बॅटरी गेली. खरं तर टॉवर नीट मिळत नसल्यामुळे फोन पूर्ण ताकदीनं सिग्नल फेकत असतो. ४जी फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलिवॅट शक्ती हवेत सोडतो. ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर त्यासाठी बॅटरीतून ५०० मिलिवॅट घ्यावे लागतात. उरलेल्या ३०० मिलिवॅटची निव्वळ उष्णता होते. टॉवरवर हाच हिशेब मोठ्या आकड्यांत होतो आणि त्याचं वीजबिल शेवटी आपल्याच रिचार्जमधून वसूल होतं.

मग जास्त कार्यक्षम चिप का बनवत नाहीत? अडचण अशी की ४जी-५जीचा सिग्नल एकसारखा नसतो. सरासरी कमी, पण मधेच मोठी उसळी. उसळीसाठी मोठा ॲम्प्लिफायर ठेवला तर एरवी तो वीज वाया घालवतो. लहान ठेवून ताणला तर सिग्नल बिघडतो आणि शेजारच्या लहरींत घुसतो. यावर बेल लॅब्सच्या विल्यम डोहर्टी यांनी १९३६ मध्येच तोडगा काढला होता : एक ॲम्प्लिफायर नेहमीच्या कामाला, दुसरा फक्त उसळीच्या वेळी मदतीला. कर्जतला गाडीला घाट चढण्यापुरतं जादा इंजिन लावतात, तसंच हे. आजही अनेक टॉवरमध्ये ही पद्धत वापरतात. फोनमध्ये सिग्नलच्या चढ-उताराप्रमाणे ॲम्प्लिफायरचा व्होल्टेज कमी-जास्त करण्याची युक्ती वापरली जाते.

आता आपला देश यात कुठे आहे? फोनच्या या चिपमध्ये स्कायवर्क्स, कोर्वो, ब्रॉडकॉम, मुराता या अमेरिकी-जपानी कंपन्यांचा दबदबा आहे. चिनी कंपन्याही उतरल्या आहेत. कच्च्या मालाचा प्रश्न वेगळाच. फोनमध्ये गॅलियम आर्सेनाइड, टॉवरमध्ये गॅलियम नायट्राइड. आणि जगातलं बहुतेक गॅलियम चीनमधून येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून चीननं त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा सगळ्यांचेच डोळे उघडले.

आपल्याकडे अगदीच काही नाही असं नाही. डीआरडीओच्या दिल्लीतल्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीनं १५० वॅटपर्यंतचे गॅलियम नायट्राइड ट्रान्झिस्टर बनवले आहेत. पण डिसेंबर २०२१ च्या ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेत डिझाइनसाठीच्या प्रोत्साहन योजनेचा वाटा सुमारे एक हजार कोटींचा. कारखाने हवेतच. मात्र चिपची आखणी करणारं डोकं परक्याचं असेल, तर कमाईचा मोठा भाग त्याच्याकडेच जाणार. आमच्या मते धोरणातली खरी कमतरता ही आहे.

ही कमतरता आपल्या घरांसाठी संधीही आहे. शिरवळ, लोणंद, खंडाळ्यातली आपली मुलं-मुली इंजिनिअरिंगला जातात आणि 'कॉम्प्युटरच हवं' असा हट्ट असतो. एआयसीटीईनं २०२३ मध्ये व्हीएलएसआय डिझाइनचा स्वतंत्र बी.टेक. अभ्यासक्रम आणला. इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची वाटही याच कामाकडे जाते. एनपीटीईएलवर या विषयाचे धडे फुकट बघता येतात. तेव्हा प्रवेश घेताना फक्त प्लेसमेंटचा आकडा विचारू नका. कॉलेजात रेडिओ लहरी मोजणारी प्रयोगशाळा आहे का, विद्यार्थ्यांना तिथे हात लावू देतात का, हेही विचारा. आणि दहावी-बारावीत गणित, भौतिकशास्त्र पक्कं करून घ्या. मुलींचंही.